बाकोच्या जंगलात जाताना: भरती बघून निघा आणि किमान एक रात्र राहा

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सारावाक राज्यात, कुचिंग शहरापासून तासाभरावर बाको राष्ट्रीय उद्यान आहे. १९५७ साली राखीव झालेलं, सुमारे २७ चौरस किलोमीटरचं हे जंगल थेट समुद्रात उतरतं. तिथे जाऊन आलेली ओळखीची मंडळी तीनच तक्रारी करतात. लांब नाकाची माकडं दिसलीच नाहीत. बोटीसाठी ताटकळत बसावं लागलं. माकडांनी खाऊची पिशवी पळवली. या तिन्ही गोष्टी टाळता येतात, फक्त कामं योग्य क्रमाने करावी लागतात.

पहिल्या खेपेला माझंही हेच झालं होतं. एका टूरवाल्याने "अर्ध्या दिवसात बाको" असं गळी उतरवलं. साडेदहाला पोचले आणि दोनला परतीच्या बोटीत बसले. मधल्या वेळात उन्हाने जंगल सुस्तावलेलं, झाडावर एक शेपूटही हलेना. दुसऱ्या खेपेला अडुसष्ट वर्षांच्या आईला घेऊन गेले आणि दोन रात्री राहिले. खालचा क्रम त्या दुसऱ्या खेपेचा आहे.

## १. आधी मुक्कामाचं ठरवा, मग बाकीचं

बाकोचे प्राणी पहाटे उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत हालचाल करतात. दिवसाची सहल करणारा माणूस पोचतो नऊ-दहाला आणि निघतो दोन-तीनला. म्हणजे नेमक्या दोन्ही चांगल्या वेळा त्याच्या हातून जातात. ही चूक जंगलात गेल्यावर सुधारता येत नाही, तिकिटं काढतानाच सुधारावी लागते.

एक रात्र राहिलात तर एक संध्याकाळ, एक रात्रफेरी आणि एक पहाट मिळते. एवढ्यात बाको बऱ्यापैकी दिसतं. दोन रात्री राहिलात तर पावसाने एक वेळ खाल्ली तरी हळहळ वाटत नाही. बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर दोन रात्रीच धरा, कारण मग कुठलीच पायवाट घाईने चालावी लागत नाही.

दिवसाचीच सहल करायची असेल तर सकाळची पहिली बोट पकडा, लांबच्या वाटा सोडून द्या आणि सगळा वेळ तेलोक देलिमा किंवा तेलोक पाकू या दोन ठिकाणीच काढा. (तेलोक म्हणजे मलय भाषेत लहानसं आखात. नकाशावर हा शब्द सारखा भेटेल.)

तपासा: ओरांगउटान बघायला बाकोला निघाला आहात का? मग थांबा. बाकोत ओरांगउटान नाहीत. त्यांच्यासाठी कुचिंगजवळचं सेमेंगोह वन्यजीव केंद्र आहे, तिथे सकाळ-दुपार खाणं घालण्याच्या ठरलेल्या वेळा असतात. त्याला वेगळा अर्धा दिवस ठेवा.

## २. तारीख ठरवताना: पाऊस एकदा बघा, तिथी दोनदा बघा

पावसाचं सोपं आहे. कुचिंगला बारा महिने पाऊस पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो जास्त असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. मार्च ते ऑक्टोबर हा काळ बरा. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. उन्हाळ्याची सुट्टी त्यामानाने सोयीची पडते.

खरी मेख भरती-ओहोटीची आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

बाकोला जमिनीवरून जाण्यासाठी रस्ता नाही. बाको गावाच्या धक्क्यावरून छोटी मोटरबोट नदीतून खाली येते, मुखातून समुद्रात शिरते आणि वीस-तीस मिनिटांत उद्यानाच्या मुख्यालयाशी, म्हणजे तेलोक असामला पोचवते. पाणी भरलेलं असेल तर बोट थेट जेट्टीला लागते. ओहोटी असेल तर ती किनाऱ्यापासून दूरच थांबते आणि तुम्ही चपला हातात घेऊन, पाठीवर सामान टाकून, पाण्यातून चालत वाळूवर येता. ओहोटी फारच खोल असेल तर बोटवाले निघतच नाहीत, पाणी चढेपर्यंत थांबतात. ताटकळणं होतं ते इथे.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. माझ्या आजोळी मामा कालव काढायला जाण्याआधी घड्याळ बघायचा नाही, तिथी विचारायचा. अमावस्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. चंद्र सगळीकडे तोच असल्यामुळे हा हिशोब बोर्निओलाही चालतो. म्हणून:

- बरोबर वयस्कर माणसं, गुडघेदुखी किंवा कडेवरचं मूल असेल तर भांगाचे दिवस निवडा. सप्तमी ते दशमीच्या दरम्यान ओहोटीलाही बोट बरीच जवळ येते.
- धडधाकट असाल आणि खारफुटीतला चिखल, त्यातले खेकडे आणि निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) मनसोक्त बघायच्या असतील, तर उधाणाचे दिवसही चांगले. फक्त पाण्यातून चालायची तयारी ठेवा.

इशारा: "तिथी गुणिले पाऊण" हा भरतीची वेळ काढायचा आपला हिशोब मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरता आहे. पंचमीला पावणेचारला भरती हे मुंबईला जमतं, कुचिंगला नाही. उधाण की भांग एवढं तिथीवरून ठरवा, पण भरतीचा तास मात्र कुचिंगच्या किनाऱ्याच्या वेळापत्रकातूनच घ्या.

दोन गोष्टी आणखी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे जाण्याच्या आणि परतीच्या दोन्ही दिवसांचं वेळापत्रक बघा. आणि मलेशियाचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. भारतात बसून मोबाइलवर भरती बघितलीत तर ती वेळ इथली दाखवते आहे की तिथली, याची खात्री करा. माझ्या परिचयातलं एक कुटुंब याच घोळात ऐन ओहोटीला धक्क्यावर जाऊन पोचलं.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पाणी चढतं असेल असा दिवस सापडला तर तो आधी पकडा आणि विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.

## ३. कागदपत्रं आणि आरक्षण

भारतीय पारपत्रधारकांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. ही सवलत मुदतीची आहे आणि मुदत वाढवत नेली जाते, म्हणून तिकीट काढण्याआधी ती चालू आहे हे बघून घ्या. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावं लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका.

मुंबईहून क्वालालंपूर साधारण पाच तास आणि तिथून कुचिंग पावणेदोन तास. सिंगापूरला राहणाऱ्या मराठी मंडळींना तर कुचिंग दीड तासावर आहे, लांबचा शनिवार-रविवार पुरतो.

इशारा: क्वालालंपूर ते कुचिंग हा देशांतर्गत प्रवास असला तरी सारावाकची स्वतःची तपासणी आहे. कुचिंगला उतरल्यावर पारपत्र पुन्हा दाखवावं लागतं. ते सामानाच्या बॅगेत टाकून मोकळे होऊ नका.

उद्यानातल्या खोल्या सारावाकच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेतून आरक्षित होतात. खोल्या थोड्या आणि साध्या आहेत, शनिवार-रविवारी आणि मलेशियातल्या शाळांच्या सुट्टीत लवकर भरतात. आधी खोली, मग विमान, हाच क्रम ठेवा. उलटं करणाऱ्यांच्या नशिबी दिवसाची सहल येते.

## ४. सामान: कमी, कोरडं आणि न वाजणारं

मोठी बॅग कुचिंगच्या हॉटेलात ठेवून या. बाकोला पाठीवर मावेल एवढंच न्या. बोटीत पाणी उडतं आणि उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत.

नक्की हवं ते असं: पकड असलेले बूट, पाण्यातून चालायला पट्ट्याच्या सँडल, लांब बाह्यांचे सुती किंवा लवकर वाळणारे कपडे, टोपी, डास आणि वाळूतल्या माश्यांसाठी मलम, डोक्याला लावायची विजेरी, माणशी दोन लिटर पाणी मावेल अशा बाटल्या, मीठ-साखरेची पाकिटं, नेहमीची औषधं एक दिवस जास्तीची, आणि मोबाइल-कॅमेऱ्यासाठी घट्ट तोंडाची जलरोधक पिशवी. रोख रिंगिट पुरेसे ठेवा, उद्यानात एटीएम नाही. दुर्बीण असेल तर जरूर न्या. ८ × ४२ ची असेल तर उत्तम. झाडाच्या शेंड्यावरचं माकड मोबाइलमध्ये नुसता तपकिरी ठिपका दिसतं.

आता खाण्याचं. आपण कुठेही निघालो की चिवडा, भाकरवडी, लाडू घेतोच. घ्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा बॅगेच्या तळाशी. दुसऱ्या खेपेला कँटीनच्या टेबलावर शेजारच्या बाईंनी निळी प्लास्टिकची पिशवी ठेवली. पिशवीची नुसती कुरकुर झाली तेवढ्यावर छपरावरचं लांब शेपटीचं मकाक जातीचं माकड खाली उतरलं, टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवून क्षणभर बाईंच्या तोंडाकडे बघत राहिलं, आणि पिशवी घेऊन गेलं. कोणाला हात उचलायलाही वेळ मिळाला नाही. त्या माकडांना प्लास्टिकचा आवाज म्हणजे खाणं, हे पक्कं ठाऊक झालंय.

इशारा: माकडाने वस्तू धरली तर सोडून द्या, ओढाओढ करू नका. त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, दात दाखवून हसू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि मिळेल त्या बोटीने परत जाऊन दवाखाना गाठा. सारावाकमध्ये २०१७ पासून रेबीजची साथ आहे, "बघू उद्या" म्हणायचं कारण नाही.

शाकाहारी मंडळींसाठी आणखी एक सूचना. कँटीनमध्ये भात, नूडल्स, अंडी, भाज्या असतात, पण भाजीत बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा असू शकतो. तिथली मिदिन नावाची रानातल्या नेच्याच्या कोंबांची भाजी बहुधा त्यातच परततात. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. "ताक माऊ बेलाचान", बेलाचान नको, असं स्पष्ट सांगा. चव मात्र बघाच त्या मिदिनची, लसणावर परतलेली. आईने दोन दिवस तीच खाल्ली.

## ५. कुचिंग ते तेलोक असाम

कुचिंगहून बाको धक्क्यापर्यंत बस जाते किंवा ॲपवरून टॅक्सी मिळते. टॅक्सीला पाऊण तास, बसला त्याहून थोडा जास्त. बसनेच जायचं असेल तर सकाळची पहिली पकडा, आणि परतीची शेवटची कधी हे उतरतानाच चालकाला विचारून ठेवा.

धक्क्यावर क्रम असा: आधी खिडकीवर उद्यानाचं प्रवेश शुल्क, मग बोटीचं तिकीट, मग नाव नोंदवणं. मुक्कामाला असाल तर परतीची तारीख आणि वेळ इथेच ठरते. बोटवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये घ्या आणि त्याच्यासमोर एकदा लावून बघा. "आयर पासांग" म्हणजे भरती, "आयर सुरुत" म्हणजे ओहोटी. परतीची वेळ ठरवताना हे दोन शब्द म्हणून नुसतं बोट दाखवलंत तरी तो नेमकी वेळ सांगतो.

बोटीत बसण्याआधीच बूट काढून बॅगेला बांधा आणि सँडल घाला. मोबाइल जलरोधक पिशवीत गेला का? जीवरक्षक जाकीट चढवून बांधलं का? मग बसा.

इशारा: नदीत आणि मुखाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तशा पाट्याही लावलेल्या आहेत. बोटीतून हात-पाय पाण्यात सोडू नका. ओहोटीला पाण्यात उतरावं लागलं तर बोटवाला दाखवेल त्या दिशेने सरळ किनाऱ्याकडे चला, फोटोसाठी रेंगाळू नका. उद्यानातल्या किनाऱ्यांवर पोहायला उतरू नका, समुद्र कितीही शांत दिसला तरी.

## ६. पोचल्यावरचा पहिला तास

बहुतेक जण पोचल्याबरोबर जंगलात धावतात. तसं करू नका. आधी मुख्यालयात जा आणि चार कामं उरका.

खोलीची नोंद करा. त्या रात्रीच्या वनरक्षकाबरोबरच्या फेरीसाठी नाव द्या, कारण जागा मर्यादित असतात. पायवाटांचा नकाशा घ्या आणि कुठली वाट बंद आहे ते विचारा. लाकडी पूल मोडले, झाडं पडली की वाटा बंद होतात आणि हे ऑनलाइन लगेच कळत नाही. चौथं काम म्हणजे वनरक्षकाला विचारा, "आज माकडं कुठे आहेत?" तो रोज बघतो. त्याचं एक वाक्य तुमचे दोन तास वाचवतं.

मग मुख्यालयाच्या आवारातच फिरा. इथे दाढीवाली रानडुकरं दिवसाढवळ्या कँटीनमागे हिंडतात. माणसाळलेली वाटली तरी पिल्लं बरोबर असतील तर दूर राहा. खालच्या फांद्या आणि वेली निरखून बघा. तिथे हिरव्या अंगाचा, त्रिकोणी डोक्याचा विषारी साप वेटोळं घालून बसलेला असू शकतो. आपल्या कोकणातल्या हिरव्या चापड्याच्या भाऊबंदांपैकीच तो. रात्री भक्ष्य पकडतो, दिवसा हलत नाही, आणि तीच फांदी दिवसेंदिवस सोडत नाही. आम्ही तीन दिवसांत तो तीनदा बघितला, दर वेळी डोकं त्याच बाजूला.

इशारा: म्हणूनच कठड्याला, फांदीला, वेलीला बघितल्याशिवाय हात घालू नका. चढावर तोल जाताना आधाराला हात आपसूक जातो. मुलांना हे आधीच बजावून ठेवा.

जंगलात कुठलीही वाट धरण्याआधी मुख्यालयातल्या वहीत नाव, वाट आणि परतायची वेळ लिहा, परत आल्यावर खूण करा. दुसरी गोष्ट विसरली जाते आणि मग वनरक्षक तुम्हाला शोधायला निघतात.

## ७. दुपारी विश्रांती, चारला वाटेवर: लांब नाकाची माकडं

दुपारी बारा ते तीन खोलीत पडा. खरंच पडा. या हवेत घाम वाळत नाही, दमणूक दुप्पट होते.

साडेतीन-चारला तेलोक देलिमाच्या वाटेला लागा. वाट साधारण किलोमीटरभर, पाऊण तासाची. तेलोक पाकूही तेवढीच जवळ आहे, पण तिथे मुळं आणि चढउतार जास्त. गुडघे दुखत असतील तर मुख्यालयासमोरच्या खारफुटीतल्या लाकडी फळ्यांवरच थांबा. माकडं तिथेही येतात.

आता बघायचं कसं, ते नीट सांगते, कारण सगळ्यात जास्त निराशा इथे होते.

चालत राहू नका. जिथे वाट खारफुटीकडे उतरते अशा जागी थांबा आणि अर्धा-पाऊण तास उभे राहा. ही माकडं आधी ऐकू येतात. एक मोठं धड एका झाडावरून दुसऱ्यावर पडल्यासारखी फांदी कडाडते, मग दुसरी, मग नाकातून काढलेला जाड घोगरा आवाज येतो. आवाज आला की त्या दिशेने पळू नका. शेंड्यांमध्ये पांढुरक्या लांब शेपट्या शोधा. माकडाचं अंग पानांत लपतं, पण सरळ खाली लोंबणारी शेपटी लपत नाही. शेपटीवरून वर नजर न्या.

आईला पहिली शेपटी दिसली ती अशीच. ती हळूच म्हणाली, "अगं, ती बघ, दोरी कोणी टाकलीय?" दोरी हलली. वर सुमारे वीस किलोचा नर बसला होता, पोट पुढे आलेलं, नाक हनुवटीखाली ओघळलेलं, आणि एक एक पान देठाशी तोडून तो शांतपणे खात होता. वारा आला की नाक किंचित हलायचं. पान तोंडात घालताना ते मध्ये येतंय असं वाटायचं. माद्यांची नाकं लहान आणि टोकाशी वर वळलेली असतात. त्यावरून कळपातला नर लगेच ओळखता येतो.

ही माकडं फक्त बोर्निओ बेटावर आहेत आणि धोक्यात आहेत. त्यांच्या पोटाचे कप्पे असतात, त्यात पानं आंबून पचतात. गोड पिकलं फळ तिथे भरभर आंबतं आणि पोट जीवघेणं फुगतं. त्यांना केळं दाखवणं म्हणजे माया नव्हे. खायला काहीही देऊ नका, आवाज काढून बोलावू नका, फ्लॅश मारू नका.

तुकतुकीत करड्या रंगाची वानरंही याच झाडांवर असतात, चांदेरी वानरं. त्यांचं तान्हं पिल्लू चक्क भगवं असतं. करड्या आईच्या पोटाशी ते केशरी गाठोडं दिसलं की डोळे फसताहेत असं वाटतं.

तपासा: बाको विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. सूर्य वर्षभर साडेसहा-पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सहाला परतीला लागलेच पाहिजे. विजेरी जवळ आहे ना?

## ८. रात्र

रात्रफेरी दीड-दोन तासांची असते. उंदीरहरीण, झोपलेले पक्षी, कोळी, काजवे, बेडूक, आणि नशीब असेल तर कोलुगो. हा प्राणी अंगाची कातडी चादरीसारखी ताणून एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. दिवसा तो खोडाला चिकटून सालीसारखा दिसतो. मुख्यालयाच्या आवारातल्या झाडांवर वनरक्षक तो दाखवतात. विजेरीचा झोत डोळ्यांवर रोखू नका आणि वनरक्षकाच्या पुढे जाऊ नका.

झोपण्याआधी खिडक्यांच्या कड्या लावा. वाळत घातलेले कपडे आत घ्या, साबणाची वडीही आत घ्या. पहाटे मकाक सगळं तपासून जातात.

## ९. दुसरी पहाट: लिंतांगचा फेरा

उजाडायला साडेसहा होतात. त्याआधी चहा घेऊन तयार राहा. पहिला अर्धा तास खारफुटीपाशी घालवा, ओहोटी असेल तर चिखलात निवट्यांच्या उड्या आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे बघा.

मग लिंतांगची वाट. ५.८ किलोमीटरचा फेरा आहे, साडेतीन ते चार तास लागतात. किलोमीटर कमी दिसतात म्हणून दुपारी निघणारे लोक फसतात. सुरुवातीचा चढ उंच झाडांच्या दाट सावलीतून आहे, पण वर पठारावर पोचलात की झाडं कंबरेएवढी होतात आणि ऊन थेट डोक्यावर येतं. आठच्या आत निघा.

हे पठार बघून मला आमच्या रत्नागिरीकडचा सडा आठवला. तिकडे जांभा, इथे वालुकाश्म. जमीन तशीच उघडी आणि नापीक. सारावाकमधले आदिवासी इबान लोक या जमिनीला करांगास म्हणतात, म्हणजे जिथे भात पिकत नाही ती. आपल्या सड्यांवर आणि कासला दवबिंदूची वनस्पती किडे पकडते. इथे तेच काम घटपर्णी करतात, आणि त्यांच्यासाठीच ही वाट चालायची. नेपेंथिस ग्रासिलिसचे बारीक, करंगळीएवढे घट वाटेच्या कडेला लोंबतात. नेपेंथिस राफ्लेसियानाचे घट मोठे, लालसर पट्ट्यांचे. नेपेंथिस अँपुलारियाचे गोल घट जमिनीवरच पुंजक्याने बसतात. त्यांचं झाकण मागे वळलेलं असतं, त्यामुळे वरून गळलेला पालापाचोळा आत पडतो आणि वनस्पती त्यावरही जगते. घटात बोट घालू नका, उलटा करून पाणी सांडू नका. ते पाणी म्हणजे तिचं पोट आहे. काही झाडांच्या बुंध्यावर फुगीर गाठी दिसतील, त्यांत मुंग्यांची घरं असतात. त्यांना हात लावलात तर मुंग्या लगेच हजर होतात.

वाटा झाडांवरच्या रंगाच्या पट्ट्यांनी ओळखायच्या. दहा मिनिटं रंग दिसला नाही तर पुढे जाऊ नका, शेवटच्या दिसलेल्या रंगापर्यंत परत या. ओली मुळं आणि फळ्या शेवाळाने निसरड्या असतात, पाऊल आडवं टाका.

एवढं चालवत नसेल तर तेलोक पांदान केचिलची वाट घ्या. जायला दीड तास, शेवटी कड्यावरून खालचा समुद्र दिसतो. ऑनलाइन फोटोंत दिसणारा, समुद्रातून नागाच्या फण्यासारखा उभा राहिलेला खडक मात्र शोधत बसू नका. तो २०२१ मध्ये कोसळला.

## १०. परतताना

परतीच्या बोटी दुपारी तीन-चारनंतर सहसा सुटत नाहीत, आणि पाणी उतरत असेल तर बोटवाला लवकर बोलावतो. आदल्या रात्री आणि त्या सकाळी, दोन्ही वेळा त्याच्याशी बोला. सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जेट्टीवर हजर राहा. ओहोटी असेल तर किनाऱ्यावर, सँडल घालून.

त्याच संध्याकाळचं विमान घेऊ नका. समुद्र खवळला किंवा वीज कडाडली तर बोट निघत नाही, आणि बोटवाला नाही म्हणाला की त्याला गळ घालू नका, जास्त पैसे देऊ नका. लहान बोट आहे आणि मुखाशी लाटा उलट येतात. आम्हीही एक दुपार असेच अडकलो होतो. मुख्यालयात सांगितलं, खोली वाढवून मिळाली, आईच्या रक्तदाबाच्या जास्तीच्या गोळ्या जवळ होत्या. दुसऱ्या दिवशी साडेआठला पाणी भरलं आणि बोट थेट जेट्टीला लागली.